अकरा बंदुकांच्या गोळ्या

"लिहून घ्या, सेक्रेटरीसाब. तोंडी सांगितलेलं बसमध्येच सांडतं," इस्माईल मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

बेळगावात एका अरुंद बोळात त्यांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान होतं. एक्क्याण्णव सालचा ऑगस्ट. मी छत्तीस वर्षांचा, आमच्या गावच्या विकास सोसायटीचा सेक्रेटरी. गाव आजरा तालुक्यातलं, जंगलाला पाठ लावून बसलेलं. भात लोंबीला आलं की रानडुकरं शिवारात उतरायची आणि एका फेरीत अर्धा एकर लोळवून जायची. पीक राखायला म्हणून गावात अकरा जणांकडं परवान्याच्या ठासणीच्या बंदुका होत्या. बाजारातल्या तयार गोळ्या महाग, त्याही वेळेवर मिळत नसत. तेव्हा राखण मंडळाचे अध्यक्ष सुभेदार होडगे यांनी ठरवलं की गोळ्या आपणच ओतायच्या. सामान काय लागतं, सुरुवातीला खर्च किती येतो, याचा अंदाज काढायला त्यांनी मला पाठवलं होतं.

मी सोसायटीच्या पॅडवर लिहू लागलो.

"साचे दोन," मिस्त्री म्हणाले. "एकच घेतला तर तो तापतो, मग गोळी खडबडीत येते. चोचीची लोखंडी कढई. ती शिशाचीच, दुसऱ्या कशाला वापरायची नाही. पळी, तीही तशीच. कोळशाची शेगडी, भाता. कातडी हातमोजे. शिसं नवीन घ्या, विटेच्या आकारात मिळतं ते. गॅरेजातल्या जुन्या बॅटऱ्यांचं स्वस्त पडतं, सगळे तेच आणतात. तुम्ही आणू नका."

"जागेचं काय?"

"चारी बाजूंनी उघडी शेड. वर पत्रा, बास. घरात नाही." त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. "माझे उस्ताद बंद खोलीत ओतायचे. तीस वर्षं. शेवटी मनगटातून हात लोंबायला लागला, चहाचा कप उचलायचा नाही. शिसं रक्तात जातं, साब. आणि हे वेगळं लिहा. लहान लेकरू असेल त्या घरात हे काम नको. मोठ्या माणसाला वर्षं लागतात. लेकराला महिने पुरतात."

मी तेही लिहिलं. माझं अक्षर सुरेख होतं, आणि घाईतसुद्धा मी काना-मात्रा चुकवत नसे. खाली बेरीज मारली. दोन हजार तीनशे चाळीस.

मंडळाकडं अकराशे रुपये जमले होते.

परतीच्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली. मी पॅड मांडीवर घेऊन बसलो. गावात माझं एक नाव होतं. शाळेचं कुंपण, देवळाचा नळ, बालवाडीच्या सतरंज्या, जे काम असेल ते सेक्रेटरी निम्म्या पैशात करून दाखवतो, असं लोक म्हणायचे. ते ऐकायला मला फार आवडायचं. माझ्या पगारावर कुणी मला मोठा म्हणणार नव्हतं, पण यावर म्हणत होते.

संकेश्वर येईपर्यंत मी दुसरा साचा खोडला. मग हातमोजे, गोणपाटाचे तुकडे चालतील. मग कढई आणि पळी. कुणाच्या तरी घरात असणारच. विटेच्या शिशावर रेघ मारून शेजारी 'बॅटरी, गडहिंग्लज गॅरेज' असं लिहिलं. शेडपाशी थोडा थांबलो. पत्रे, वासे, मजुरी, एकटी शेडच साडेआठशेला जात होती. तीही खोडली. लेकराबद्दलचं वाक्य मी खोडलं नाही. त्याला किंमत नव्हती, म्हणून ते हिशेबात आडवं येत नव्हतं. गावाच्या फाट्यावर उतरलो तेव्हा बेरीज सहाशे दहावर आली होती.

ते काम कुणाला द्यायचं हेही मी बसमध्येच ठरवलं होतं.

यमुनावैनीचा नवरा, महादेव तेजम, माझ्या वर्गातला. ट्रकवर क्लीनर होता. फोंडा घाटात ट्रक दरीत कोसळून तो गेला, त्याला दीड वर्ष झालं होतं. मागं वैनी आणि एक मुलगी. वैनीकडं जमीन नव्हती, शेतमजुरी होती. तीही पोरीला कुणाकडं ठेवायचं हा प्रश्न असल्यानं महिन्यातले दहा दिवसच. घराच्या मागच्या बाजूला पडवी होती, तीन भिंतींची, चुलीला लागून.

मी गेलो तेव्हा वैनी नाचणी पाखडत होत्या. मी कामाचं सांगितलं. हप्त्यातून तीन दिवस, बसल्या जागी, रोजगार शेतापेक्षा जास्त.

"मला जमंल व्हय, भावजी?"

"साखरेचा पाक करता तसंच आहे. वितळवायचं, ओतायचं, साचा उघडायचा. हाताला चटका बसणार नाही एवढं बघायचं."

"मग करतो की," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'करतो, जातो' असंच बोलतात. "पोरगी डोळ्यासमोर राहील. देवागत आलासा तुमी."

बाकीचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मग शेड घाला. मग विषय पुन्हा बैठकीत गेला असता आणि सहाशे दहाचे साडेचौदाशे झाले असते. मी स्वतःला समजावलं की मिस्त्री म्हातारे आहेत, म्हातारी माणसं भ्यायला लावतात. आणि पडवीला एक बाजू उघडी होतीच.

पोरगी तेव्हा दोन-सव्वादोन वर्षांची. नाव शालन. असं बोलणारं लेकरू मी पाहिलं नव्हतं. ती दारातून जाणाऱ्या प्रत्येकाला ओळखायची आणि आईला आतून कळावं म्हणून मोठ्यानं सांगायची. "सुताराची आजी आली. काठी नाही आणली." "काळी शेळी आली. तिचं बाळ कुठाय?" मी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली, "शकेटरी आला. पेन आणलंय."

सप्टेंबरात काम सुरू झालं. बॅटऱ्या फोडून त्यातल्या शिशाच्या पट्ट्या मी गोणीत भरून आणायचो. वैनींच्या हाताला वळण होतं. पहिल्या आठवड्यातच गोळ्या अशा गुळगुळीत निघायला लागल्या की सुभेदार एक गोळी बोटांत फिरवत राहिले.

"दिनकर, फौजेत सुद्धा असलं काम बघितलं नाही. पैसे किती झाले?"

"सहाशे दहा."

"आणि हे ओततात कुठं?"

"त्यांच्या मागच्या अंगणात जागा आहे, आबा. उघड्यावरच करतात."

हे माझं पहिलं खोटं. इतकं लहान होतं की बोलून झाल्यावर मला त्याची आठवणही राहिली नाही.

गोळ्या मोजून न्यायला मी दर शनिवारी सकाळी जायचो. पडवीत एक गोडूस वास असायचा, जमिनीवर राखेसारखा करडा थर. वैनी तो शेणानं सारवायच्या, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा असायचा. शालन त्या जमिनीवर बसून बिघडलेल्या गोळ्यांच्या रांगा लावायची. एखादी तोंडात धरायची, आईनं डोळे वटारले की काढायची. घरात लोखंडी कढई एकच होती. काम संपलं की वैनी ती राखेनं घासायच्या, तीनदा घासायच्या, आणि संध्याकाळची भाजी तिच्यातच टाकायच्या. एका शनिवारी त्यांनी माझ्यापुढं त्याच कढईतल्या पोह्यांची ताटली ठेवली.

"खावा की, भावजी."

"पोट भरलंय, वैनी. चहा द्या फक्त."

शालननं ती ताटली स्वतःकडं ओढली. मी चहा पीत बसलो आणि ती खात बसली. त्या सकाळी मला जे माहीत होतं, ते मी डोळ्यांसमोर घडताना बघत होतो. तरी मी शंभर गोळ्या मोजल्या, पिशवीत भरल्या आणि सोसायटीत येऊन दिवसभर काम केलं.

दिवाळीनंतर शालनचं पोट दुखायला लागलं. चार-चार दिवस शौचाला होत नसे. वैनींनी एरंडेल दिलं, जंताचं औषध दिलं. पोरगी पांढरी पडली. मग तिचं बोलणं कमी झालं. मी गेलो तरी दाराशी येईना. भिंतीला टेकून बसायची, माझ्याकडं बघायची आणि मान वळवायची.

"दृष्ट लागली बगा," वैनी म्हणाल्या. "लई बोलायची न्हवं."

मी म्हटलं, "होईल बरी."

जानेवारीतल्या एका सकाळी, नऊच्या सुमाराला, वैनी तिला कडेवर घेऊन पळत सोसायटीत आल्या. शालनचे डोळे वर गेले होते, हातपाय ताठ झाले होते, तोंडातून फेस येत होता. दुधाची जीप नुकतीच उभी राहिली होती. मी कॅन खाली काढायला लावले आणि आम्ही तिघं तालुक्याच्या दवाखान्यात निघालो. वाटेत आणखी एकदा झटका आला. वैनी तिच्या कानात तिचं नाव घेत होत्या. मी समोरच्या रस्त्याकडं बघत होतो.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या, नव्यानंच बदलून आलेल्या. त्यांनी सुई दिली, झटका थांबला. मग त्यांनी पोरीच्या पापण्या उलटून बघितल्या, हिरड्या बघितल्या, पोट चाचपलं. मग वैनींना विचारलं, "बोलायची का ही आधी?"

"व्हय. लई."

"आता किती दिवसांत बोलली नाही?"

"म्हैना झाला आसंल."

डॉक्टरीण बाई खुर्ची पुढं ओढून बसल्या. "नीट आठवून सांगा. घरात रंगाचं, बॅटरीचं, शिशाचं काही काम चालतं का? शेजारी कुणाकडं? ही कुठं खेळते? मला शंका आहे, पण इथं तपासणी होत नाही. तसं काही असेल तर आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला पाठवते. त्यावर औषध आहे, पण वेळेवर मिळायला पाहिजे."

वैनींनी माझ्याकडं बघितलं.

परवाने अकरा जणांच्या नावावर होते. वैनींच्या नावावर काहीच नव्हतं. कायद्यात हे कसं बसतं, ते आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर 'गोळ्या' हा शब्द लिहिला गेला असता तर तो फौजदारापर्यंत गेला असता. सुभेदार, मंडळ, सोसायटी, माझी नोकरी, सगळं त्यात आलं असतं. हे सगळं माझ्या डोक्यातून किती वेळात गेलं ते मला सांगता येणार नाही. डॉक्टरीण बाईंना कदाचित वाटलं असेल की मी आठवतोय.

"नाही बाई," मी म्हणालो. "शेतमजुरी करतात या."

डॉक्टरीण बाईंनी वैनींकडं बघितलं. वैनींनी मान खाली घातली.

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. झटक्यांच्या गोळ्या दिल्या, रक्त वाढायचं औषध दिलं. चार दिवस ठेवून घेतलं आणि घरी पाठवलं.

त्याच आठवड्यात मी काम बंद केलं. वैनींना सांगितलं, परवान्यांची भानगड आहे. साचा, पळी, उरलेल्या बॅटऱ्या, सगळं उचललं. कढईही नेली आणि आजऱ्याच्या बाजारातून त्यांना नवी आणून दिली. पडवीतली वीतभर माती खणून लांब ओढ्यापलीकडं टाकली. ते काम मी एकट्यानं केलं. लोक म्हणाले, सेक्रेटरीला किती कळवळा आहे.

शालन वाचली. झटके हळूहळू लांबले, पाच-सहा वर्षांनी थांबले. पण ती दारातून लोकांची नावं सांगणारी पोरगी परत आली नाही. चार वर्षांची झाली तेव्हा दोन शब्द जोडून बोलायला लागली. शाळेत आकडे तिच्या डोक्यात राहत नसत. मी शाळा समितीवर होतो, म्हणून तिला चौथीपर्यंत बसू दिलं. पोरं तिला जी नावं ठेवायची ती इथं लिहीत नाही.

मी त्या घराला पुष्कळ दिलं. वैनींना अंगणवाडीत मदतनीस म्हणून लावलं. दर दिवाळीला साडी, पोरीला झगा. घर शाकारायला कौलं. माझी बायको प्रमिला एकदा म्हणाली, "बहिणीला सुद्धा इतकं करत नाही तुम्ही." मी म्हटलं, महादेव माझा मित्र होता. वैनींचे सासरचे लोक म्हणायचे, ग्रहणात बाई विळीवर बसली असेल, म्हणून पोर असं निपजलं. एकदा माझ्यादेखत कुणीतरी तसं बोललं. वैनी गप्प राहिल्या, मीही गप्प राहिलो. हळूहळू सगळा गाव विसरला की ती पोरगी कधी वेगळी होती. सुभेदार गेले. बंदुका एकेक करून ठाण्यात जमा झाल्या. मी रिटायर झालो, आणि लोक माझ्याकडं अर्ज भरून घ्यायला यायला लागले, कारण माझं अक्षर अजून चांगलं होतं.

दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये वैनींनी निरोप पाठवला. शालनच्या अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज भरायचा होता. दाखला मिळाला की थोडी पेन्शन सुरू होणार होती. मी दुपारी चारला त्यांच्या घरी गेलो. शालन अंगणात नारळाच्या हिराच्या काड्या सोलून केरसुण्या बांधत होती. पंचवीस वर्षांची बाई झाली होती, आईसारखी उंच. तिनं मला बघून पाट आणून दिला आणि पुन्हा काड्या सोलायला बसली.

मी नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. पुढचा रकाना होता : अपंगत्व जन्मजात आहे की नंतर आलेले? नंतर आलेले असल्यास कारण.

मी थांबलो.

"काय झालं?" वैनी म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या.

"इथं विचारलंय, जन्मापासून का नंतर."

"जन्मापासनं लिवा. सगळी तेच म्हणत्यात."

माझ्या हातून ते लिहवेना. बावीस वर्षं मी जे बोललो नव्हतो ते बोलायला काही मोठा प्रसंग लागला नाही. एक सरकारी रकाना होता, त्यात दोनच शब्दांना जागा होती, आणि त्यातला एक खोटा होता.

"वैनी, त्या दिवशी दवाखान्यात बाईंनी विचारलं होतं. शिशाचं काही काम चालतं का. मी नाही म्हटलं."

"हां."

"ते खोटं बोललो मी. त्यामुळं तिला औषध मिळालं नाही."

"म्हाईत हाय मला," वैनी म्हणाल्या. "मी बी हुतोच की तिथं. तुमी न्हाई म्हटलासा, आन् मी मान खाली घातली. आई मी हुतो, भावजी, तुमी न्हवं. त्या कढईत मीच रांधलं. मीच भरवलं तिला." त्या अंगणाकडं बघत होत्या. "बाई बोलली तवा मला कळलं. पर तोवर रोजगार बरा मिळत हुता. वाटलं, काम जाईल. ते मी कुनाला सांगितलं न्हाई. तुमी बी त्यावर कदी बोललासा न्हाई, तर म्हटलं, भावजी माझी आब्रू राखत्यात."

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की वैनींना काही उमगलेलं नाही. त्यांना सगळं उमगलं होतं, फक्त त्यांनी ते सगळं स्वतःच्या नावावर घेतलं होतं. आणि दर दिवाळीला मी नेऊन दिलेली साडी त्या, मी त्यांचं पाप झाकतो म्हणून, मान खाली घालून घेत होत्या.

"तसं नाही, वैनी," मी म्हणालो. "तुम्हाला दवाखान्यात कळलं. मला त्याआधीच माहीत होतं. काम सुरू करायच्या आधी. बेळगावच्या मिस्त्रींनी सांगितलं होतं, घरात ओतू नका, शेड घाला, कढई वेगळी ठेवा, आणि लहान लेकरू आहे तिथं हे काम देऊच नका. मी ते लिहून घेतलं होतं. पैसे वाचावेत म्हणून सोडलं. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही पोहे दिलेत, मी खाल्ले नाहीत."

वैनी उंबऱ्यावरून माझ्याकडं वळल्या.

"लिवून घेतलं हुतं?"

"हो."

"मला वाचता येत न्हाई म्हणून न्हाई सांगितलं का?"

"नाही. तुम्ही शेड मागितली असती म्हणून."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतील, पण त्या रडल्या नाहीत. काही वेळानं त्यांनी पदर खाली घेतला.

"मला न्हाई माफ करता येनार," त्या म्हणाल्या. "करीन असं बी सांगत न्हाई. पर मला सांगून काय उपेग? जिचं हाय तिला सांगा."

"तिला कळेल?"

"कळंतोवर सांगा."

मी पाटावरून उठून शालनच्या समोर जमिनीवर बसलो. तिनं काड्या बाजूला सारल्या, जागा करून दिली. मी सांगायला लागलो. सावकाश, लहान लहान वाक्यांत. बंदुका, गोळ्या, पडवी, कढई. धूर आणि धूळ. तिचं पोट दुखायचं ते. डॉक्टरीण बाईंनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मधेच एकदा तिनं हात वर केला, मी थांबलो, तिनं ओठ हलवून काहीतरी जुळवलं आणि मान हलवली. मी पुढं गेलो. काही गोष्टी तीन-तीनदा सांगाव्या लागल्या. माझी चूक, हे शब्द मी वापरले, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"आदी," ती म्हणाली. "त्याच्या आदी. मी कशी हुतो?"

"तू खूप बोलायचीस."

"किती?"

"दारातून कोण गेलं ते सगळं सांगायचीस. नावानिशी. सुताराची आजी काठी विसरली तर तेसुद्धा. तेव्हा तुझी तीन वर्षंही भरली नव्हती."

"मला यायचं?"

"हो."

"पोटातनं अशी न्हवतो?"

"नाही. पोटातून तू चांगली होतीस. तुझ्यासारखं हुशार लेकरू मी पाहिलं नव्हतं."

तिच्या चेहऱ्यावर राग येईल, ती मला काहीतरी फेकून मारेल, असं मला वाटत होतं. मी त्याला तयार होतो, किंबहुना तेच मागत होतो. पण ती आईकडं वळली.

"आये. मी हुशार हुतो?"

वैनींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "लई हुशार हुतीस."

शालन उठली. साडीला चिकटलेला काड्यांचा भुसा झटकला, केस मागं सारले आणि अंगणाबाहेर पडली. पलीकडं सुतारांचं घर होतं. तिथली सून दारात तांदूळ निवडत होती. शालन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि शाळेत कविता म्हणतात तसे दोन्ही हात बाजूला सोडून म्हणाली, "मी जन्मापासनं अशी न्हाई. मी हुशार हुतो. सेक्रेटरीनं सांगितलं. त्येनंच केलं म्हणं."

सुतारांच्या सुनेनं सूप खाली ठेवलं. तोवर शालन पुढच्या घरापाशी पोचली होती.

मी उठायला लागलो. वैनी म्हणाल्या, "बसा. सांगू दे तिला."

मी बसलो. आमच्या आळीत चौदा घरं आहेत. प्रत्येक दारापुढं ती थांबत होती, पहिल्यापासून सगळं म्हणत होती, एक शब्द इकडचा तिकडं होऊ न देता, आणि दर वेळी तिचा आवाज मागच्यापेक्षा थोडा मोठा येत होता. चौथ्या-पाचव्या घरापासून माणसं रस्त्यावर येऊन उभी राहायला लागली. ती आधी तिच्याकडं बघत, मग वळून वैनींच्या अंगणाकडं, जिथं मी होतो. कोपऱ्यावर माझं घर. प्रमिला फाटकापाशी आली होती. शालन तिच्यासमोर उभी राहिली.